लहान बेटावर सरकारशी भांडायचं कुणी? आर्थर लुईस यांच्या एका जुन्या पुस्तिकेबद्दल

'वेस्ट इंडिज' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आला तो क्रिकेटमधून. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ तिथे जाऊन मालिका जिंकून आला. सुनील गावसकरांनी पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा केल्या, मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२. हे आकडे अनेक घरांत आजही तोंडपाठ आहेत. पण एक गोष्ट तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात आली नसेल. त्या दौऱ्यातल्या पाच कसोट्या किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाउन आणि ब्रिजटाउन अशा चार शहरांत झाल्या, आणि ती चार शहरं तोवर चार वेगवेगळ्या स्वतंत्र देशांत होती. ज्या 'वेस्ट इंडिज'ला आपण हरवलं, त्या नावाचा देशच जगाच्या नकाशावर नव्हता.

काही वर्षांपूर्वी मात्र तो होता. म्हणजे, होता होता राहिला.

मागच्या भागात आपण लहान शेजारी राष्ट्रांच्या सहकार्याबद्दल बोललो, तेव्हा मी कॅरिबियनचा विषय दोन मिनिटांत संपवला होता. कॅरिकॉमच्या सदस्य देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या वीस टक्क्यांच्याही खाली आहे, तेव्हा हा प्रयोग फसला म्हणायला हरकत नाही, असं काहीसं मी बोलले. आकडा खरा आहे. निष्कर्ष घाईचा होता. भाग रेकॉर्ड झाल्यावर मी आर्थर लुईस यांची 'द अ‍ॅगनी ऑफ द एट' ही १९६५ सालची छोटी पुस्तिका पुन्हा वाचली आणि जाणवलं, की आपण या विषयाला फूटपट्टीच चुकीची लावतोय. हा लेख त्या पुस्तिकेबद्दल आहे, ती कुठे कमी पडते त्याबद्दलही.

पुस्तिका कुणाची, कशावर?

लुईस १९१५ साली सेंट ल्युशिया बेटावरच्या कॅस्ट्रीझ गावात जन्मले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, तिथेच शिकवू लागले. अर्थशास्त्राचे विद्यार्थी त्यांना १९५४ च्या निबंधामुळे ओळखतात: शेतीतलं जास्तीचं मनुष्यबळ उद्योगांकडे कसं सरकतं, हे सांगणारा 'लुईस मॉडेल'वाला निबंध. १९७९ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण या पुस्तिकेत ते मॉडेल मांडत नाहीत. इथे एक थकलेला, चिडलेला माणूस बोलतोय. जानेवारी १९५८ मध्ये दहा ब्रिटिश वसाहतींचं 'वेस्ट इंडिज संघराज्य' अस्तित्वात आलं. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन, पंतप्रधान बार्बेडोसचे ग्रँटली अ‍ॅडम्स. केंद्राला पहिली पाच वर्षं आयकर लावायचा अधिकारच नव्हता. जकात संघ नव्हता, बेटाबेटांत मोकळी ये-जा नव्हती. जमैकाचे नॉर्मन मॅन्ली आणि त्रिनिदादचे एरिक विल्यम्स हे दोन सगळ्यांत वजनदार नेते संघराज्याच्या निवडणुकीला उभेच राहिले नाहीत. आपापल्या बेटावरच थांबले. सप्टेंबर १९६१ मध्ये जमैकाने सार्वमत घेतलं, ५४ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. मग विल्यम्स यांनी आपला हिशेब मांडला, की दहातून एक गेला की उरतं शून्य. त्रिनिदादही बाहेर पडलं. ३१ मे १९६२ ला संघराज्य संपलं.

उरली आठ छोटी बेटं, लोकसंख्येने बार्बेडोस त्यांतलं सगळ्यांत मोठं. या आठांचं तरी संघराज्य करावं म्हणून लुईस बेटाबेटांवर जाऊन नेत्यांशी बोलले. बैठकांवर बैठका झाल्या, मसुदे झाले. आधी ग्रेनेडा त्रिनिदादला जोडून घ्यायच्या आशेने सटकलं, मग एकेक करत बाकीचे. १९६५ पर्यंत सगळं मोडलं होतं, आणि पुढच्याच वर्षी बार्बेडोस एकटंच स्वतंत्र झालं. 'आठांची यातना' ती हीच.

लुईस यांचा खरा मुद्दा

एका अर्थतज्ज्ञाने लिहिलेलं संघराज्याचं समर्थन म्हटल्यावर आपली अपेक्षा काय असते? मोठी बाजारपेठ, मोठे कारखाने, स्वस्त उत्पादन. लुईस यांनी स्वतः १९५० मध्ये या बेटांच्या औद्योगिकीकरणावर लिहिताना जकात संघाचा आग्रह धरला होता. या पुस्तिकेत मात्र त्यांचा सगळ्यांत ताकदीचा युक्तिवाद बाजारपेठेबद्दल नाहीच.

तो असा आहे. पन्नास हजार, लाखभर वस्तीचं बेट. एकच पक्ष सत्तेत. अशा ठिकाणी प्रत्येकाचं काही ना काही काम सरकारपाशी अडलेलं असतं, त्यामुळे सरकारला दुखवायला कुणी धजत नाही. सरकारी नोकर भीतीत असतो. पोलीस कटकट नको म्हणून बाजूला होतात. कामगार संघटना पक्षाला बांधलेल्या. वर्तमानपत्र सरकारी जाहिरातींवर आणि छपाईच्या कामांवर जगतं. यात हुकूमशहा कुणी असावाच लागतो असं नाही. बरा माणूस सत्तेत असला तरी हेच होतं. यावर उपाय एकच: बेटाबाहेरची, पण आपली अशी एक वरची सत्ता असावी. एका बेटाच्या सरकारने गैरवागणूक केली, तर दुसऱ्या बेटावरचा नागरिक ते बिनधास्त बोलून दाखवू शकतो, कारण त्याचं पोट त्या सरकारवर अवलंबून नसतं.

तालुक्याच्या गावी वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. साखर कारखाना, जिल्हा बँकेची शाखा, कॉलेज आणि दूध संघ एकाच घराकडे असले, की लोक कसे बोलतात आणि मुख्य म्हणजे काय बोलत नाहीत, हे आपण पाहिलेलं आहे. पण आपल्याकडे तालुक्याच्या वर जिल्हा आहे, राज्य आहे, उच्च न्यायालय आहे. सेंट किट्स आणि नेव्हिसची लोकसंख्या आज साधारण ४७ हजार आहे, आणि त्याच्या वर काही नाही. ते सार्वभौम राष्ट्र आहे. पूर्व कॅरिबियनमधली सहा स्वतंत्र राष्ट्रं एकत्र केली, तरी लोकसंख्या जेमतेम कोल्हापूर शहराएवढी भरते.

म्हणजे लुईस यांच्या लेखी संघराज्य हे 'अंतर' तयार करायचं साधन होतं. राज्यकर्ता आणि नागरिक यांच्यात इतकी जवळीक झालीय की न्याय मिळणंच अवघड झालंय, तेव्हा मधे थोडी जागा करा. मला हा विचार फार महत्त्वाचा वाटतो, कारण एकात्मीकरणावरच्या बहुतेक लिखाणात तो सापडतच नाही. तिथे फक्त कंटेनर मोजलेले असतात.

ही फूटपट्टी लावून पाहू

संघराज्य मेलं, पण त्याचे काही अवयव जगले. कॅनडाने भेट दिलेली 'फेडरल मेपल' आणि 'फेडरल पाम' ही दोन जहाजं संघराज्य संपल्यावरही काही वर्षं बेटाबेटांत फिरत राहिली. विद्यापीठ राहिलं. क्रिकेटचा संघ राहिला. आणि लहान बेटांनी, गाजावाजा न करता, दोन मोठ्या गोष्टी केल्या.

पहिली, न्यायालय. १९६७ पासून पूर्व कॅरिबियनचं एकच सर्वोच्च न्यायालय आहे. त्याचं मुख्यालय कॅस्ट्रीझला, आणि त्याच्या कक्षेत सहा स्वतंत्र राष्ट्रं आणि तीन ब्रिटिश प्रदेश येतात. न्यायाधीशांची नेमणूक एका बेटाचं मंत्रिमंडळ करत नाही, अपील न्यायालय बेटाबेटांवर फिरतं. ज्या मंत्र्याविरुद्ध दावा आहे त्याच्या मेहुण्याच्या शेजारी न्यायाधीश राहत असेल, ही शक्यता कमी होते. ही लुईस यांचीच कल्पना, संघराज्याविना आलेली.

दुसरी, चलन. पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून अमेरिकन डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे आणि आजवर हललेला नाही. १९८३ मध्ये बासेटेरला मध्यवर्ती बँक आली. दर बदलायचा तर सदस्य सरकारांच्या चलन परिषदेत एकमत लागतं. कायद्याने किमान ६० टक्के परकीय गंगाजळी मागे ठेवावी लागते. म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या पंतप्रधानाला नोटा छापून घ्याव्याशा वाटल्या, तर त्याला इतर सात सरकारांच्या दारात जावं लागेल. शेजारचं जमैका बघा. मोठं बेट, स्वतःचं चलन, स्वतःची बँक. १९६९ साली जमैकन डॉलर आला तेव्हा तो अमेरिकन डॉलरपेक्षा महाग होता. आज एका अमेरिकन डॉलरला दीडशेहून जास्त जमैकन डॉलर मोजावे लागतात. जमैकाच्या घसरणीची कारणं पुष्कळ आहेत, सगळी चलनाच्या व्यवस्थेत सापडणार नाहीत. पण लहान बेटांना जो मोह टाळता आला, तो त्यांनी एकमेकांच्या हातात चावी दिली म्हणून टाळता आला, एवढं नक्की.

याच देशांनी १९८१ साली बासेटेर करार करून पूर्व कॅरिबियन राष्ट्रांची संघटना काढली, १९८६ पासून सरकारी दवाखान्यांची औषधं एकत्र खरेदी करायला सुरुवात केली, आणि २०११ पासून आपल्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहायची, काम करायची मुभा दिली. यातलं काहीही 'आपसातला व्यापार' या रकान्यात दिसत नाही. केळी पिकवणारं बेट शेजारच्या केळी पिकवणाऱ्या बेटाला काय विकणार? व्यापार कमी असणं हे त्यांच्या सहकार्याचं अपयश नाही. तो त्यांच्या जमिनीचा आणि इतिहासाचा भाग आहे.

मोठ्या कॅरिकॉमलाही हाच निकष लावता येतो. २०११ साली शनिक मायरी या जमैकन तरुणीला बार्बेडोसच्या विमानतळावरून अपमानास्पद झडती घेऊन परत पाठवलं गेलं. तिने कॅरिबियन न्यायालयात बार्बेडोस सरकारवरच दावा लावला. २०१३ मध्ये ती जिंकली. भरपाई ७५ हजार बार्बेडोस डॉलरच्या वर मिळाली, आणि सदस्य देशाच्या नागरिकाला सहा महिने राहू देण्याचा हक्क न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मान्य केला. एक सामान्य बाई दुसऱ्या देशाच्या सरकारला तिसऱ्या देशात बसलेल्या न्यायालयापुढे उभं करते: लुईस यांना हवं असलेलं 'अंतर' ते हेच. गंमत अशी, की हे न्यायालय ज्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आहे, त्या त्रिनिदादचे लोक आपलं शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे नेतात.

आता पुस्तिकेची उणी बाजू

इथवर वाचून वाटेल, की लुईस यांचं सगळं बरोबरच होतं. नव्हतं.

पहिली गोष्ट, या पुस्तिकेत माणसं म्हणजे नेते. कोण बैठकीला आलं, कोणी पत्राला उत्तर दिलं नाही, कोणाचा अहंकार आड आला. डॉमिनिकाच्या बायका फळं-भाज्या बोटीत भरून शेजारच्या बेटांवर विकायला नेत, माणसं कामासाठी बेटामागून बेट बदलत, असं एक चालतं-फिरतं एकात्मीकरण आधीपासून होतं. त्याची सावलीही इथे पडत नाही. लोकांना संघराज्य का नको झालं, हा प्रश्न 'नेत्यांनी घोळ घातला' या उत्तरावर संपतो. ५४ टक्के जमैकन मतदारांना काय भीती वाटली असेल, हे त्यातून कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. लुईस वरच्या सत्तेवर फार विश्वास टाकतात. पुस्तिका छापून दोनच वर्षं झाली होती, तेवढ्यात अँग्विला या सहाएक हजार वस्तीच्या बेटाने सेंट किट्सचे पोलीस हाकलून दिले. ब्रिटिशांनी त्यांना सेंट किट्सच्या दावणीला बांधलं होतं, आणि रस्ते, वीज, दवाखाना सगळ्यांत शेवटी त्यांच्या वाट्याला. जुलै १९६७ च्या सार्वमतात वेगळं होण्याच्या बाजूने १,८१३ मतं पडली, विरोधात ५. अँग्विलाच्या लोकांना 'अंतर' नको होतं असं नाही. त्यांच्या वाट्याला आलेलं अंतर दुर्लक्षाचं होतं. लहान बेटाच्या आत आणखी लहान बेट असतं. लुईस यांच्या रचनेत त्याला जागा कुठे?

आणि मग ग्रेनेडा. एरिक गेरी यांच्या राज्यात लुईस यांनी वर्णन केलेलं सगळं घडलं: सरकारी पैशाची उधळपट्टी, विरोधकांना बडवणारी 'मंगूस गँग'. शेजारी देश त्या काळात व्यापाराचे करार करण्यात गुंतले होते. गेरींना जाब विचारायची यंत्रणा कुणाकडेच नव्हती. १९७९ मध्ये मॉरिस बिशप यांनी क्रांती केली. क्रांतिकारी सरकारने सामायिक न्यायालय सोडलं आणि आपलं वेगळं काढलं. सामायिक चलन मात्र ठेवलं. नोटा छापायचा मोह टाळणारी कुंपणं क्रांतीलाही सोयीची वाटली, न्यायाची नाही! ऑक्टोबर १९८३ मध्ये बिशप यांना त्यांच्याच साथीदारांच्या सत्तेने गोळ्या घातल्या, आणि सहा दिवसांनी अमेरिकन सैन्य उतरलं. उतरलं ते पूर्व कॅरिबियन संघटनेच्या विनंतीचा हवाला देऊन. त्रिनिदाद आणि गयानाने विरोध केला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०८ विरुद्ध ९ मतांनी निषेध झाला.

म्हणजे शेजाऱ्यांनी जाब विचारायची वेळ आली, तेव्हा तो तिसऱ्याच्या रणगाड्यांवर बसून आला. ग्रेनेडातल्या अनेकांनी त्या सैन्याचं स्वागत केलं, हेही खरं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण लुईस यांच्या युक्तिवादातली फट इथे उघडी पडते. अंतर हवं, मान्य. पण ते अंतर कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न ते पुरेसा विचारत नाहीत. बासेटेरची बँक आणि कॅस्ट्रीझचं न्यायालय टिकलं, कारण तिथे डॉमिनिकाचं आणि सेंट ल्युशियाचं मत सारखंच वजनाचं आहे. लंडनचं किंवा वॉशिंग्टनचं अंतर हे राज्य असतं, संरक्षण नव्हे.

अगदी ताजं उदाहरण घ्या, आणि ते मुंबईपर्यंत येतं. पाच बेटं आपलं नागरिकत्व विकतात. सेंट किट्स १९८४ पासून. पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणातले आरोपी मेहुल चोक्सी २०१७ मध्ये अँटिग्वाचे नागरिक झाले, ते असंच. शेजारी देश वर्षानुवर्षं एकमेकांपेक्षा भाव उतरवत राहिले. सरकारी तिजोरी त्यावर चालते, पण शेजाऱ्याने भाव पाडला की आपल्यालाही पाडावा लागतो. शेवटी २०२४ मध्ये चार देशांनी किमान भाव दोन लाख अमेरिकन डॉलर ठरवला, पाचवा नंतर आला. हे शहाणपण आतून आलं असतं तर आनंद झाला असता. ते आलं अमेरिका आणि युरोपच्या दबावामुळे.

मग काय मोजायचं?

लंडनमध्ये आमच्या वाचनालयात डॉमिनिकाच्या एक बाई काम करतात. 'डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे' हे वाक्य त्या दिवसातून दोनदा म्हणतात. पण कुणी विचारलं की तुम्ही लोक कोण, तर त्या 'वेस्ट इंडियन' म्हणतात. गावी असताना कधी म्हटलं नव्हतं, असंही हसून सांगतात. आपलं काही वेगळं नाही. वऱ्हाडी, कोकणी, मराठवाड्याचे असे आपण परदेशात येऊन मंडळाच्या हॉलमध्ये 'मराठी' होतो. परक्या ठिकाणी एकत्र येणं सोपं असतं, कारण तिथे कुणाला काही सोडावं लागत नाही.

घरी एकत्र येणं म्हणजे सोडणं: नोकऱ्या वाटायचा, परवाने द्यायचा, कुणाला विमानतळावरून परत पाठवायचा अधिकार. लुईस यांच्या पुस्तिकेचं मोल हे, की त्यांनी साठ वर्षांपूर्वी हे सोडणं नेमकं कशासाठी, ते सांगितलं. मोठ्या बाजारासाठी नव्हे. लहान माणसाला दाद मागायला जागा मिळावी म्हणून. ऑक्टोबर २०२५ पासून बार्बेडोस, बेलीझ, डॉमिनिका आणि सेंट व्हिन्सेंट या चार देशांनी एकमेकांच्या नागरिकांना पूर्ण मोकळीक दिली आहे. त्यातून व्यापार किती वाढला, हे अर्थशास्त्रज्ञ मोजतीलच. मी मात्र आता दुसरं काहीतरी मोजणार आहे. डॉमिनिकात नोकरी करणाऱ्या सेंट व्हिन्सेंटच्या कारकुनाला मंत्र्याने विनाकारण घरी बसवलं, तर त्याला कुठे जाता येतं, तिथे त्याचं कोण ऐकतं, आणि ऐकणारा त्या मंत्र्याच्या ओळखीचा नसतो ना.

मागच्या भागातलं माझं 'प्रयोग फसला' हे वाक्य मी मागे घेते. अर्धा प्रयोग फसला. उरलेला अर्धा साठ वर्षं चालू आहे, आणि आपण तो नोंदवलाच नव्हता.